ऐकू येतंय, खरं कळत नाही

यावेळी पत्रानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे. कानाचं मशीन घेतलं, पैसे घातले, घरात बरं ऐकू येतंय, खरं देवळात, शाळेत, कचेरीत गेलं की काही कळत नाही. म्हणून हे सगळं सदर त्याच्यावरच घेतलंय. नावं कुणाची छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. आणि पत्रात मला डॉक्टर लिहू नका हो, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासते आणि मशीन बसवते, कान फुटला, पू आला तर ईएनटीकडंच जायचं.

ताई, आमचे मामंजी ७४ वर्षांचे. दोन्ही कानांना मशीन घेतलंय, भारीतलं. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात कीर्तन असतंय, पुढं बसतात तरी म्हणालेत की आवाज येतोय खरं बुवा काय बोलतात समजत नाही. मशीनवाले म्हणालेत याच्या वरचं मॉडेल घ्या. घ्यावं काय? – निपाणी

घेऊ नका. म्हणजे कीर्तनासाठी तरी घेऊ नका.

असं बघा, मशीनचा माईक असतो मामंजींच्या कानावर आणि बुवांचं तोंड असतंय वीस-पंचवीस फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, ३ फुटांचे ६ झाले, ६ चे १२, १२ चे २४, की गेले १८ डेसिबल. देवळात एवढा उतरत नाही म्हणाल, बरोबर आहे, खरं तिथं जो आवाज उरतो तो फरशीवर, भिंतीवर, पत्र्यावर आपटून आलेला असतो, आणि तो मागनं येऊन पुढच्या शब्दावर चढतो. लाऊडस्पीकर आहे म्हणाल तर तोही लांबच टांगलेला, त्याचाही आवाज तसाच घुमत येणार. त्यात टाळ, पेटी, पंखे, मागं बायकांची कुजबुज (आम्हीच असतो). मशीन बिचारं सगळंच मोठं करतंय. भारी मशीन मागचा गोंगाट थोडा दाबतं आणि समोरचं थोडं उचलतं, ते खरं आहे, पण इथं टाळकरी आणि बुवा दोघंही समोरच उभे, मशीनला कसं कळायचं मामंजींना कोण पाहिजे ते? चांगल्या कानाच्या माणसाला बोलणं आणि गोंगाट बरोबरीचे असले तरी भागतं, आतला कान कमजोर झालेल्या माणसाला तसं भागत नाही, त्याला बोलणं गोंगाटाच्या चांगलं वर उठून लागतं. लाखाचं मशीन दोन लाखाचं केलं म्हणून बुवांचं तोंड जवळ येत नाही.

तेव्हा माईक तोंडाजवळ न्यायचा, एवढंच. आणि गंमत म्हणजे बुवांच्या तोंडाजवळ माईक आहेच! त्या माईकमधला आवाज हवेतनं न आणता सरळ मशीनमध्ये सोडला की झालं. याची जुनी आणि अजूनही उत्तम चालणारी पद्धत म्हणजे लूप. बसायच्या जागेभोवती वायरीचं कडं टाकायचं, त्यात खास लूपचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाचा करंट सोडतो, त्यामुळं कड्याच्या आत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि मशीनमध्ये टेलिकॉइल नावाची तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असली तर ती ते पकडून पुन्हा आवाज करते. मशीन टी वर टाकलं की टाळ, पंखे, कुजबुज सगळं गायब, फक्त बुवा. इंग्लंडात जोसेफ पोलियाकॉफ नावाच्या माणसानं याचं पेटंट १९३७ साली घेतलं, म्हणजे नवीन काही नाही. तिकडं चर्चमध्ये, नाट्यगृहात, तिकीट खिडकीवर कान आणि टी काढलेली निळी पाटी असते, ती दिसली की मशीनवाला माणूस टी दाबतो आणि ऐकतो, ना जोडाजोडी ना मोबाईल.

आता तुमचं काम. पहिल्यांदा मशीनवाल्यांना विचारा की यात टेलिकॉइल आहे काय, आणि असला तर त्याचा प्रोग्रॅम चालू करून दिलाय काय. कानामागच्या मोठ्या मशीनमध्ये तो बहुतेक असतो, कानाच्या आत जाणाऱ्या बारक्या मशीनमध्ये जागाच नसते म्हणून बऱ्याचदा नसतो. आणि असूनही कॉम्प्युटरवर बंदच ठेवलेला, हे तर मी रोज बघते. गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानवाला सांगत नाही, आणि माणूस पाच वर्षं आयुष्यातली चांगली कीर्तनं हुकवतो.

देवळाला लूप बसवायचा असेल तर ट्रस्टींना एवढं सांगा की भोंग्याच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला वायर गुंडाळून ते काम होत नाही, लूपचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा येतो. स्लॅबमधली सळी आणि लोखंडी सांगाडा चुंबकीय जोर खातात, म्हणून बसवल्यावर मीटरनं मोजायला पाहिजे, आंतरराष्ट्रीय मापात ठळक आवाजाला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर एवढा जोर धरलाय. त्याआधी फुकटातली एक तपासणी करा, मामंजींना रिकाम्या देवळात मशीन टी वर टाकून फिरवा. कुठं भुणभुण ऐकू आली तर ती तिथल्या लाईटच्या वायरिंगची आहे, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

हे सगळं होईतो? मशीनच्याच कंपनीचा छोटा वायरलेस माईक मिळतो, तो बुवांच्या उपरण्याला लावायचा, आवाज सरळ मामंजींच्या कानात. बुवा नाही म्हणत नाहीत, मी विचारून बघितलंय. तोही नको असेल तर स्पीकरच्या जवळ आणि टाळकऱ्यांपासून लांब बसवा, पुढं बसणं म्हणजे जवळ बसणं नव्हे.

सरकारी कँपात आमच्या आईला कानामागचं मशीन फुकट मिळालं. महिनाभर चाललं, नंतर एकदम बंद. नवी बॅटरी घातली तरी ढिम्म. कपाटात पडलंय. – सदलगा

काढा कपाटातनं. पाठीवर बारकं बटण असेल आणि शेजारी एम, टी, ओ अशी अक्षरं असतील तर बटण कुठं आहे बघा. ओ म्हणजे बंद, एम म्हणजे माईक, आणि टी म्हणजे वरच्या उत्तरात सांगितलेला टेलिकॉइल. टी वर माईक बंद होतो, आणि आसपास लूप नसला की आत काहीच येत नाही, माणसाला वाटतं मशीन मेलं. पुसताना बटण सरकतं, एवढंच झालेलं असतं. मी अशी "बिघडलेली" मशीनं नखानं दुरुस्त करून दिलीत, फी घ्यायला लाज वाटते.

एम वर असूनही गप्प असेल तर बॅटरीचा रंगीत स्टिकर काढून मिनिटभर हवेवर ठेवून मग घाला, ही झिंक-एअर बॅटरी असते, हवा लागल्याशिवाय जागी होत नाही. आकडा बघून घ्या, निळ्या स्टिकरची ६७५, नारिंगी १३, एकीची दुसरीत बसत नाही. कानात बसणाऱ्या साच्याचं भोक मळानं बुजलंय काय तेही बघा. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात, आपल्याकडं तर आषाढ-श्रावणात भिंतीलाच पाणी सुटतं, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. एवढं करून नाही चाललं तर जिथनं मिळालं तिथंच दाखवा. आणि आईंचं दिव्यांग कार्ड केलं नसेल तर करा, २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या वरचं नुकसान धरलंय, जिल्हा हॉस्पिटलात तपासणी होते.

मुलगा तिसरीत आहे, सरकारी मराठी शाळेत, दोन्ही कानांना मशीन. घरी सगळं बोलतो, ऐकतो. बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं, खिडकीबाहेर बघत बसतो. पावसाळ्यात तर काहीच येत नाही त्याला. – खानापूर तालुका

लक्ष असतंय हो त्याचं, पोचत नाही काही. तुमच्या भागातला पाऊस आणि शाळेचे पत्रे, त्याखाली चांगल्या कानाच्या पोरांनाही बाईंचा अर्धा शब्द कळतो. मोठी माणसं अर्धं ऐकून उरलेलं अंदाजानं भरतात, तिसरीतल्या पोराजवळ अंदाज करायला शब्दच कमी असतात, तो ते शब्द शिकायलाच तर शाळेत आलाय. म्हणून कान कमजोर असलेल्या मुलासाठी वर्गात बाईंचा आवाज गोंगाटाच्या १५ डेसिबल वर असावा असं आमच्या शास्त्रात धरतात. बाईंनी कितीही ओरडून ते व्हायचं नाही, घसा बसेल त्यांचा.

याला उपाय म्हणजे बाईंच्या गळ्यात माईक आणि मुलाच्या मशीनला रिसीव्हर. पूर्वी हे एफएम रेडिओवर चालायचं, आता बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या डिजिटल पद्धतीवर, फोनॅक कंपनीचं रॉजर त्यातलंच. बाई फळ्याकडं तोंड करून बोलल्या, वर्गाच्या मागं गेल्या, तरी आवाज हातभर अंतरावरनं आल्यासारखा येतो. महाग आहे, खोटं कशाला सांगू, कधी कधी मशीनच्या किमतीला जाऊन भिडतं. म्हणून पुढचं मशीन घेताना मशीन थोडं साधं घ्या आणि उरलेल्या पैशात माईक घ्या, शाळेच्या वयात माझं मत हेच आहे आणि त्यावर माझं दुकानवाल्यांशी भांडण होतं.

पैसे आत्ता नसतील तर एक जुगाड. ट्यूशनवाले कमरेला बांधतात तो हजार-दीड हजाराचा माईक-स्पीकरचा डबा आणा, माईक बाईंच्या डोक्याला आणि स्पीकर मात्र बाईंच्या कमरेला नाही तर मुलाच्या बाकावर, त्याच्या कानापासून दोन-तीन फुटांवर. वायर पुरत नसेल तर वायरलेस माईकचा घ्या. रॉजरएवढं होणार नाही, खरं पत्र्यावर पाऊस कोसळताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि शेजारच्या पोरांनाही फुकटात ऐकू येतं. बाक भिंतीकडच्या कोपऱ्यात नको, पहिल्या-दुसऱ्या रांगेत, जिथनं बाईंचं तोंड आणि पोरांचीही तोंडं दिसतील. माईक लावला की बाईंना एकच सांगून ठेवा, स्टाफरूममध्ये जाताना म्यूट करा. नाहीतर हेडमास्तरांबद्दल काय बोललात ते तिसरीतलं पोर घरी येऊन सांगतं.

मुलाची तपासणी जुनी झाली असेल तर एकदा म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगला घेऊन जा, लांब आहे खरं मुलांच्या कानाचं काम तिथं फार चांगलं होतं.

मी निवृत्त, वय ६८. कन्नड मला चांगलं येतं, नोकरीच कन्नडात केली. मशीन लागल्यापासून मराठीत निभतं, पण कचेरीच्या खिडकीवर कन्नडात कुणी बोललं की डोक्यावरनं जातं. समोरच्याला वाटतं हे मुद्दाम कन्नड बोलत नाहीत. दोनदा वाद होता होता राहिला. – शहापूर, बेळगाव

काका, तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. हे आपल्याच भागात होऊ शकतं! पुण्यातल्या बहिऱ्याला लोक फार तर म्हातारा म्हणतील, बेळगावात बहिऱ्याला लोक सीमावादी म्हणतात.

तुमचं कन्नड गेलेलं नाही. ऐकणं अर्धं कानाचं आणि अर्धं डोक्याचं असतं. वयानं कान जातो तो वरच्या पट्टीकडनं, स, श, त, क, प असली हलकी व्यंजनं पहिल्यांदा गळतात, आणि त्या गाळलेल्या जागा डोकं भाषेच्या सवयीनं भरतं. आईकडनं शिकलेल्या भाषेत हे इतकं पटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही, मागनं शिकलेल्या भाषेत, ती कितीही चांगली येऊ दे, गोंगाटात ते मागं पडतं. चांगल्या कानाच्या लोकांवर तपासलं तरी तसंच दिसतं, तुमचं तर दोन्हीकडनं झालंय. वर खिडकीची काच, त्याला हाताएवढं भोक, आतला माणूस कॉम्प्युटरकडं बघून बोलणार, तुम्हाला ओठही दिसत नाहीत.

पहिली गोष्ट, "जोरात बोला" म्हणू नका. माणूस ओरडला की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा बघून आपल्यालाही राग येतो. खिडकीवर गेल्या गेल्या, तो काही बोलायच्या आधी, मशीनकडं बोट दाखवून सांगून टाका, "किवी केळंगिल्ल री, स्वल्प निधान हेळ्री." (कानाला ऐकू येत नाही हो, जरा सावकाश सांगा.) म्हणजे कन्नड येतं हेही कळलं आणि कान नाही हेही कळलं. निम्मा वाद तिथंच मिटतो. तारीख, रक्कम, नंबर मात्र लिहूनच घ्या, कानावर सोडू नका.

दुसरं मोबाईलमधलं. गूगलचं लाईव्ह ट्रान्स्क्राईब नावाचं फुकट अ‍ॅप आहे, २०१९ मध्ये आलं, अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या गॅलॉडेट विद्यापीठाबरोबर बनवलेलं. समोरचा बोलतो ते पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहून येतं. त्यात मराठीही आहे आणि कन्नडही, दोन्ही भाषा लावून ठेवल्या की एका टिचकीत बदलता येतं, आपल्यासाठीच केल्यासारखं. तुम्हाला कन्नड अक्षर वाचता येतंय म्हणून तुमचं काम होईल, ज्यांना बोलता येतं पण वाचता येत नाही त्यांनी गूगल ट्रान्सलेटमध्ये बोललेलं कन्नड मराठीत करून बघावं, उतारा, पहाणी असल्या कचेरीच्या शब्दांवर ते चुकतं, अंदाज तेवढा येतो. नेट लागतं, फोन समोरच्याजवळ सरकवावा लागतो (पुन्हा तेच, माईक तोंडाजवळ), आणि आधी विचारून ठेवावा, नाहीतर रेकॉर्डिंग करालेत म्हणून नवीनच वाद.

खरं तर हे ओझं तुमच्या एकट्यावर नको. खिडकीवर बसवायचे छोटे लूप मिळतात, आतल्या माणसासमोर माईक आणि बाहेर उभ्या माणसापुरतं क्षेत्र, लंडनच्या मेट्रोत २०१५ च्या सुमाराला तिकीट खिडक्या बंद होईतो त्यांना ते होते. आपल्या केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींसाठीच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही इंडक्शन लूपचा समावेश आहे. अर्ज करायचा तर त्याचा आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्याचा उल्लेख करून करा, आणि हो, कन्नडात करा!

मागावर आयुष्य गेलं, कान तिथंच गेले. आता मशीन घ्यायचंय. दुकानात म्हणतात ब्लूटूथवालं घ्या, फोन सरळ कानात. माझा फोन नऊ हजाराचा अँड्रॉइड. बेंगळुरूचा नातू म्हणतो थांबा आजोबा, नवीन ऑराकास्ट येतंय. – वडगाव

नातवाला सांगा, थांबायचं वय त्याचं आहे, तुमचं नाही. ऐकणं जितकं लांबवाल तितकं मशीनची सवय लागायला जड जातं.

ब्लूटूथ म्हटलं की सगळं सगळ्याला जुळतं असं वाटतं, मशीनच्या बाबतीत तसं नाही. काही मशीनं आयफोनलाच सरळ जुळतात. अँड्रॉइडसाठी गूगलनं २०१८ मध्ये आशा नावाची पद्धत जाहीर केली, ती अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनवर, आणि तीही फोन कंपनीनं दिली असेल तरच. काही मशीनं, फोनॅकनं २०१७ पासून आणलेली त्यात आली, साध्या ब्लूटूथवर चालतात, ती कुठल्याही फोनला, अगदी ब्लूटूथ असलेल्या बटणाच्या फोनलाही जुळतात. तेव्हा कागदावर वाचू नका, तुमचाच नऊ हजाराचा फोन खिशात घेऊन दुकानात जा, मशीन कानाला लावा, फोन जोडा, आणि घरच्या कुणाला तरी रस्त्यावरनं कॉल करायला सांगा. दोन्ही कानांत आला काय, तुमचा आवाज पलीकडं नीट गेला काय, हे बघितल्याशिवाय ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका. दुकानवाल्यानं "घरी जाऊन जुळवा" म्हटलं की दुसरं दुकान.

आता ऑराकास्ट. ब्लूटूथची नवी पिढी एलई ऑडिओ २०२० मध्ये जाहीर झाली, तिच्यातल्या प्रक्षेपणाच्या सोयीला २०२२ मध्ये ऑराकास्ट हे नाव दिलं. स्टेशनवर, नाट्यगृहात एक ट्रान्समीटर आवाज सोडणार आणि ज्याच्याजवळ चालणारं मशीन किंवा इयरफोन आहे तो, कितीही जण असू देत, वायफाय निवडल्यासारखं निवडून ऐकणार. आवाज लूपपेक्षा स्वच्छ, सळीचा त्रास नाही, बाहेर भुणभुण नाही. चांगलीच गोष्ट आहे, नातू चुकीचं बोलत नाही. खरं ते ऐकायला समोर ट्रान्समीटर पाहिजे, आणि तो आपल्या कुठल्या हॉलात बसेल तेव्हा बसेल. घेताना एवढं बघा की मशीनमध्ये टी पण आहे आणि पुढं ऑराकास्ट चालू होण्याची सोय पण आहे. दोन्ही एकात मिळत नसेल तर ज्या जागी तुम्ही खरोखर जाता तिथं काय आहे ते बघून ठरवा. आणि ब्लूटूथवर तासन् तास भजनं ऐकलीत तर बॅटरी लवकर संपणार, ती तक्रार घेऊन येऊ नका.

ब्लूटूथचं बजेटच नसेल तर टीवालं साधं मशीन आणि गळ्यात घालायचा ब्लूटूथ नेकलूप. फोन नेकलूपला जुळतो, नेकलूप टी ला आवाज देतो. दिसायला जानव्यासारखं, काम चोख.

आजोबांच्या टीव्हीच्या आवाजानं घरात रोज भांडण. – येळ्ळूर

मशीनच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर घ्या, डबी टीव्हीला जोडली की आवाज सरळ मशीनमध्ये, टीव्हीचा आवाज घरच्यांना हवा तेवढा. दुसऱ्या कंपनीचा सहसा चालत नाही. तो नको असेल तर मशीन काढून कानावर बसणारा वायरलेस हेडफोन, खरं काही टीव्हींना हेडफोन जोडला की टीव्हीचा आवाज बंद होतो, मग भांडण उलटं होतं. सेटिंगमध्ये दोन्ही चालू ठेवायची सोय आहे काय ते आधी बघा. आणि फोनवर येणारे ते हजार रुपयांचे "कानाचे मशीन" आजोबांच्या कानात घालू नका, ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासल्याचा आलेख, न बघता सगळंच वाढवतात आणि वर मर्यादा नसली तर उरलेला कान जाईल.

आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन होतं. पहिल्या चार रांगा ज्येष्ठांच्या, त्यातल्या बऱ्याच जणांना मशीन आहे, तरी जेवायच्या वेळेला विचारलं तर कुणाला काही कळलेलं नसतं. मांडवात काय करता येईल? – बेळगाव तालुका

मला सगळ्यात आवडलेलं पत्र हे. आपल्या गावागावांतल्या संमेलनांना कान गेलेली माणसं जेवढी येतात तेवढी माझ्या दवाखान्यात येत नाहीत.

मांडव लूपसाठी देवळापेक्षा सोपा, खाली माती, वर कापड, सळी नाही. लोखंडी पाइपचा मांडव असेल तर थोडा जोर जातो, तेवढंच. पहिल्या चार रांगांभोवती सतरंजीखालनं वायर फिरवा, साउंडवाल्याच्या मिक्सरमधनं लूपच्या अ‍ॅम्प्लिफायरला लाईन द्या. जनरेटर आणि लाईटच्या जाड केबली त्या रांगांपासून लांब टाकायला सांगा, नाहीतर अध्यक्षीय भाषणाला भुणभुणीची साथ. रांगेच्या तोंडाशी पाटी लावा, "मशीन टी वर टाका", आणि एक हुशार पोर उभं करा जे आजोबांना बटण दाखवेल.

ज्यांच्या मशीनला टी नाही किंवा मशीनच नाही त्यांच्यासाठी व्यासपीठाशेजारी पडदा. मिक्सरचा आवाज फोनला देऊन लाईव्ह ट्रान्स्क्राईब प्रोजेक्टरवर दाखवा. कवितेत ते गडबड करतं, भाषणाला बरं चालतं, नेटची रेंज आदल्या दिवशी बघून ठेवा.

आणि या सगळ्याआधी वक्त्यांना आवरा. "मला माईक नको, माझा आवाज मोठा आहे" म्हणून माईक बाजूला सारणारे प्रत्येक संमेलनात एक-दोन तरी असतात. माईक सारला की लूपही बंद आणि पडदाही कोरा. दुसरे प्रश्न विचारणारे, मागनं उठून माईकशिवाय दोन मिनिटं बोलणार, आणि पाहुणे उत्तर देणार, प्रश्न काय होता कुणालाच माहीत नाही. सूत्रसंचालकाला सांगा, फिरता माईक हातात आल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, आलाच नाही तर पाहुण्यांनी प्रश्न परत म्हणून मग उत्तर द्यायचं. परिसंवादात दोघं एकदम बोलले की एकाचा माईक बंद.

साउंडवाल्याला आदल्या संध्याकाळीच बोलवा, गावातल्या मशीनवाल्या दोघा-तिघांना रांगेत बसवा, टी वर टाका आणि व्यासपीठावरनं कुणाला तरी वर्तमानपत्र वाचायला लावा. ते सांगतील कुठल्या खुर्चीवर आवाज पडतोय, तिथं वायर सरकवा.